मे मधे पण आणि जुलैमधे पण रिझल्ट जुळला पाहिजे : विदर्भातला जुना हेवी-ड्युटी टेस्ट सेल अपग्रेड करताना काय काय पाहायचं

ट्रक-बसच्या इंजिनचा एमिशन टेस्ट सेल (इंजिन लोडवर चालवून त्याचा धूर मोजतात ती खोली) अपग्रेड करायचा म्हटलं की मीटिंगमधे पहिले सगळे ॲनालायझरच्या (धुरातले वायू मोजणारं यंत्र) कोटेशनवर तुटून पडतात. कोणता बेंच घ्यायचा, पार्टिकल काउंटर कोणता, सॉफ्टवेअर कोणाचं. एसी आणि हवेचा विषय शेवटी येतो, ते पण "पुण्याहून कन्सल्टंट येईल, तो पाहील" एवढ्यावर संपतो. आपल्या भागात ही ऑर्डर उलटी पाहिजे राजेहो. नागपूर सोडून पन्नास-साठ किलोमीटर बाहेर, एमआयडीसीच्या प्लॉटवर, एका बाजूनं कपाशी आणि दुसऱ्या बाजूनं तूर अशा ठिकाणी तुमचं शेड उभं असेल, तर पैसा आधी हवा, पाणी आणि लाईट यात घाला. ॲनालायझर कितीही भारी आणला तरी त्याच्यात जाणारी हवाच नियमात बसत नसेल तर टेस्ट बाद होते, आणि बाद झालेल्या टेस्टचं डिझेल, गॅस, माणसांचा दिवस सगळं वाया जातं.

मी इथं २०० किलोवॅटच्या आसपासचं सहा सिलिंडर टर्बो डिझेल इंजिन डोळ्यासमोर ठेवून आकडे देतो, तुमचं इंजिन मोठं असेल तर त्या प्रमाणात वाढवून घ्या.

आधी नियमाचं गणित आपल्या हवेवर लावून पाहा

बीएस-६ (गाड्यांच्या धुराचा भारतातला नियम) देशभर १ एप्रिल २०२० पासून लागू झालं. हेवी इंजिनसाठी एआयएस-१३७ या टेस्टच्या स्टँडर्डचा भाग ४ आहे आणि त्याचा पाया युरोपातल्या रेग्युलेशन ४९ चा. डब्ल्यूएचटीसी ही ट्रान्झियंट सायकल, म्हणजे १८०० सेकंद सतत वरखाली होणारा लोड, त्यात नॉक्सची (नायट्रोजनचे ऑक्साइड) मर्यादा ४६० मिलिग्रॅम प्रति किलोवॅट-अवर, पार्टिक्युलेट मॅटर (काजळीचे कण) १० मिलिग्रॅम, आणि वरून कणांची संख्या मोजायची, ती प्रति किलोवॅट-अवर ६ गुणिले दहाचा अकरावा घात. हे आकडे एवढे बारीक आहेत की हवामानातला फरक थेट रिझल्टमधे दिसतो.

यात एक गोष्ट आहे जी इथल्या प्रत्येक माणसानं स्वतः हातानं काढून पाहिली पाहिजे, तिला एफए म्हणतात, म्हणजे लॅबच्या हवेचा फॅक्टर. टर्बो इंजिनसाठी ९९ ला कोरड्या हवेच्या दाबानं भागायचं (किलोपास्कलमधे) आणि त्याचा ०.७ घात घ्यायचा, मग इंजिनमधे जाणाऱ्या हवेचं तापमान केल्व्हिनमधे घेऊन २९८ नं भागायचं आणि त्याचा १.५ घात घ्यायचा, दोन्हीचा गुणाकार ०.९३ ते १.०७ च्या मधे आला तरच टेस्ट वैध. कोरडा दाब म्हणजे एकूण दाबातून वाफेचा दाब वजा केलेला, हे बरेच जण विसरतात आणि तिथंच घोळ होतो.

आता आपला मे महिना घ्या. समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास उंची, एकूण दाब समजा ९७, वाफेचा १.७, म्हणजे कोरडा ९५.३. इंजिनला बाहेरची ४५ अंशाची हवा दिली तर एफए येतो १.१३ च्या वर. सरळ बाद. १.०७ मधे बसायचं तर इंजिनच्या तोंडाशी हवा साधारण ३३ अंशाच्या खाली पाहिजे.

इथपर्यंत सगळ्यांना पटतं, कारण उन्हाळा अंगाला लागतो. पण जुलै पाहा. एकूण दाब ९६.५, वाफेचा ३, कोरडा दाब ९३.५ वर येतो, आणि मग तुम्हाला फक्त साधारण साडेतीस अंशापर्यंतच मुभा राहते! म्हणजे बाहेर ३३ अंश असलेला पावसाळ्यातला साधा दिवस पण बाद. मे मधल्यापेक्षा जुलैमधे लिमिट जास्त कडक होते, आणि हे कुठल्याच कोटेशनमधे लिहिलेलं नसतं.

नॉक्सचं अजून वेगळं. डिझेलसाठी ओलाव्याची दुरुस्ती आहे, १५.६९८ गुणिले ओलावा (ग्रॅम प्रति किलो कोरडी हवा) भागिले १००० अधिक ०.८३२. ओलावा १०.७१ असला की फॅक्टर बरोबर १ येतो. वर धरलेल्या मे मधल्या हवेत ओलावा ११ च्या जवळपास, म्हणजे नॉक्सच्या बाबतीत ती हवा चांगली. जुलैत तोच २० ग्रॅमवर जातो आणि फॅक्टर १.१४६ होतो. म्हणजे मोजलेल्या नॉक्समधे साडेचौदा टक्के आपण गणितानं वाढवून राहिलो. ओलावा मोजणारा सेन्सर १ ग्रॅमनं चुकला तर नॉक्स दीड टक्क्यानं हलला. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, इंजिनमधे जाणारी हवा थंड करणं पुरेसं नाही, ती सुकवलीच पाहिजे.

मोजमाप आधी, ऑर्डर नंतर

डिझाइन टेबलमधे जे बाहेरचं तापमान दिलेलं असतं ते बहुतेक ०.४ टक्केवालं असतं. म्हणजे वर्षातले ३५ तास त्याच्या वर जातात असं धरलेलं असतं, आणि आपल्याकडे ते ३५ तास मे महिन्यात दुपारी बारा ते पाचमधेच येतात, नेमकं टेस्ट चालू असते तेव्हा. शिवाय ते तापमान हवामान खात्याच्या सावलीतल्या पेटीतलं. पत्र्याच्या छतावर, जिथं तुमचं कंडेन्सर ठेवणार आहेत, तिथली हवा त्याहून कितीतरी गरम असते.

म्हणून निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा डेटा लॉगर लावून ठेवा. तीन ठिकाणी लावा : छतावर जिथं मशीन बसणार तिथं, सेलमधे इंजिनच्या एअर फिल्टरच्या तोंडाशी, आणि सोक रूममधे म्हणजे इंजिन रात्रभर ठेवतात तिथं. तापमान, आर्द्रता, दाब तिन्ही पाहिजे. दाब नाही मोजला तर वरचं गणित करताच येत नाही. लॉगर काही महाग वस्तू नाही आणि त्याच्या डेटावर तुम्ही कोणत्याही सप्लायरला प्रश्न विचारू शकता.

सोक रूमचं का म्हणतो ते सांगतो. कोल्ड स्टार्ट टेस्ट सुरू करताना ऑइल, कूलंट आणि आफ्टरट्रीटमेंट (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा भाग) तिन्ही २० ते ३० अंशाच्या मधे पाहिजेत. युरोपात रात्रभर ठेवलं की झालं. इथं नवतपात पहाटेचं तापमानच ३० च्या आसपास असतं, काही रात्री त्याच्या पण वर, आणि शेडच्या भिंतींनी दिवसभर ऊन पिलेलं असतं. इंजिन आपोआप ३० च्या खाली येतच नाही, सकाळी ऑपरेटर येऊन ऑइलचं तापमान ३४ पाहतो आणि सगळी टीम वाट पाहत बसते. नियमात जबरदस्तीनं थंड करायला परवानगी आहे, ऑइल-कूलंटला चिल्ड वॉटरचा छोटा हीट एक्स्चेंजर लावून. आफ्टरट्रीटमेंटला मात्र ते कॅटॅलिस्ट काम करतं त्या तापमानाच्या खाली स्वतःहून उतरल्यावरच हवा मारायची, त्याच्या आधी नाही. मला विचाराल तर सोक रूम वेगळी, छोटी, पफ पॅनलची (फोम भरलेलं इन्सुलेशनचं पॅनल) आणि २४ ला ठेवलेली करा, ती स्वस्तात होते आणि रोजची सकाळ वाचते.

अख्खी खोली थंड करू नका

सगळ्यात जास्त पैसा इथं वाया जातो. मालक म्हणतो क्लायमेट कंट्रोल पाहिजे, सप्लायर अख्ख्या सेलचा लोड काढून मोठा एसी प्लांट टाकतो. आता २०० किलोवॅटचं इंजिन फुल लोडवर तासाला साधारण ४० किलो डिझेल जाळते, म्हणजे जवळपास ४८० किलोवॅट उष्णता. त्यातली पाच-आठ टक्के जरी इंजिनच्या अंगावरून आणि एक्झॉस्ट पाइपवरून खोलीत पडली तरी २५ ते ४० किलोवॅट, म्हणजे सात ते अकरा टन एसी फक्त इंजिनच्या अंगच्या गरमीसाठी. त्यात सेलला हवाबदल पाहिजेच, कारण डिझेलची वाफ, कार्बन मोनॉक्साइड साठून चालत नाही, मग थंड केलेली हवा तुम्ही फॅननं बाहेर फेकून राहिलात.

त्यापेक्षा सेलला नुसतं जोरदार व्हेंटिलेशन द्या, त्यात ओल्या पॅडवरून हवा घ्या, आणि इंजिनच्या तोंडाशी वेगळ्या डक्टनं कंडिशन केलेली हवा द्या. इंजिनला लागते ती हवा तासाला जेमतेम ११०० किलो. मे मधे ४६ वरून २५ ला आणायला साडेसहा किलोवॅट, म्हणजे दोन टनाच्या आत. जुलैमधे ३१ अंशाची पण २० ग्रॅम ओलावा असलेली हवा साधारण साडेचौदा अंशापर्यंत खाली न्यावी लागते, तेव्हा कुठं पाणी गळून ओलावा ११ च्या आत येतो, त्याला लागतात १२ किलोवॅट, साडेतीन टन. आणि मग परत २५ ला गरम करायला ३ किलोवॅट हीटर. म्हणजे इंजिनला हवा देणाऱ्या या युनिटची, कंबशन एअर युनिटची, साइज उन्हाळ्यानं नाही, पावसाळ्यानं ठरते. सप्लायरला दोन्ही महिन्याचं गणित मागा, जो फक्त मे चं देतो त्याला परत पाठवा.

युनिट आणि इंजिनच्या मधे डक्ट जितकी छोटी तितकी चांगली. ट्रान्झियंट सायकलमधे इंजिन हवा कधी ३०० किलो ओढतं कधी ११००, त्यामुळे युनिटनं कायम जास्त हवा पुरवायची आणि उरलेली बायपासनं सोडायची, दाब स्थिर ठेवायचा. डॅम्पर उघडबंद करून जुळवणारी सिस्टिम डब्ल्यूएचटीसीत मागे पडते.

डक्टला बाहेरून इन्सुलेशन जाड द्या आणि सांधे नीट बंद करा. पावसाळ्यात थंड डक्टला घाम सुटतो आणि ते पाणी थेट इंजिनच्या वायरिंगवर टपकतं, हे बऱ्याच शेडमधे पाहायला मिळते.

सेलच्या भिंती, दार, छत

छतावर पफ पॅनल किंवा निदान पांढरा रिफ्लेक्टिव्ह कोट. पश्चिमेच्या भिंतीला दुसरी भिंत किंवा जाळीची सावली. कंट्रोल रूमपेक्षा सेलचा दाब थोडा कमी ठेवा म्हणजे गॅस माणसांकडे येत नाही, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दोन्हीकडे. ॲनालायझर ठेवायची खोली मात्र उलट, तिचा दाब बाहेरपेक्षा जास्त पाहिजे, नाहीतर दार उघडलं की धूळ आत.

चिलर : ३५ अंशाच्या कॅटलॉगवर विश्वास ठेवू नका

एअर-कूल्ड चिलरची कॅपॅसिटी कॅटलॉगमधे ३५ अंश बाहेरच्या हवेवर दिलेली असते. ४६ ला ती बरीच पडते आणि करंट वाढतो, आणि दोन मशीन शेजारी-शेजारी ठेवल्या तर एकीची गरम हवा दुसरी ओढते, मग हाय प्रेशरवर ट्रिप. सप्लायरकडून ४८ अंशाचा टेबल लेखी घ्या, आणि मशीनच्या चहूबाजूंनी मोकळी जागा ठेवा, कंपनी जेवढी म्हणते त्याच्यापेक्षा जास्त.

माझा कल इथं वॉटर-कूल्डकडे किंवा कंडेन्सरच्या आधी ओले पॅड लावलेल्या एअर-कूल्डकडे आहे. कारण सोपं आहे, आपल्या घरचा कूलर मे मधे मस्त चालते आणि आषाढात नुसता दमट वारा मारते, तेच शास्त्र. मे मधे ४६ अंश असताना पण ओल्या बल्बचं तापमान (पाणी वाफ होऊन जास्तीत जास्त जेवढं थंड होऊ शकतं ते) २४-२५ च असते, जुलैत ३१ असताना ते २६ ला जाते. म्हणजे कूलिंग टॉवर आपल्याकडे ऐन उन्हाळ्यात पण पावसाळ्यापेक्षा थंड पाणी देते. हा विदर्भाचा फायदा आहे आणि तो घेतला पाहिजे.

फक्त पाणी पाहिजे.

पाण्याचा हिशोब

जुन्या सेलमधे एडी करंट डायनो (इंजिनला लोड देणारं ब्रेकसारखं मशीन) असेल तर इंजिनची सगळी ताकद उष्णता होऊन पाण्यात जाते, वरून जॅकेटचं आणि इंटरकूलरचं. ३०० किलोवॅट जरी टॉवरवर टाकली तरी तासाला ४४० लिटरच्या वर पाणी वाफ होऊन जाते. क्षार साठू नयेत म्हणून काही पाणी सोडावं लागते, तीन सायकलवर (टॉवरमधलं पाणी मूळ पाण्याच्या तिप्पट खारं होईपर्यंत) चालवलं तर अजून २२०. आठ तासाच्या शिफ्टला पाच हजार लिटरचा एक टँकर. एप्रिल-मे मधे गावात पिण्याच्या पाण्याला टँकर चालू असताना तुम्ही बोअरवर एवढा भार टाकणार का, हा प्रश्न प्रोजेक्ट रिपोर्टमधेच सोडवा. पावसाचं पाणी शेडच्या छतावरून टाकीत घेणं, आरओचं रिजेक्ट बागेला न देता पॅडला वापरणं (क्षार किती ते पाहून), शेततळं, जे जमेल ते.

आणि पाण्याची टेस्ट करूनच डिझाइन करा. अकोला, बुलढाणा, अमरावतीच्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी इतकं खारं की टॉवरचे फिल आणि कंडेन्सरच्या नळ्या एका सीझनमधे खराब होतात. तिथं सॉफ्टनरनं भागत नाही, सॉफ्टनर कडकपणा काढतो, मीठ काढत नाही. अशा ठिकाणी बंद लूपचा ड्राय कूलर आणि त्याला फक्त कडक उन्हात ओले पॅड, हा मार्ग बरा, महाग पडला तरी. इंजिनच्या कूलंट लूपमधे आणि डायनोत कधीही कच्चं बोअरचं पाणी जाऊ देऊ नका, मधे प्लेट हीट एक्स्चेंजर पाहिजेच.

लाईट

बीएस-६ च्या ट्रान्झियंट सायकलमधे इंजिनला उलट फिरवायचे तुकडे पण असतात, त्यामुळे एडी करंट डायनो चालत नाही, एसी डायनो घ्यावा लागतो. तो इंजिनची ताकद वीज करून ग्रिडला परत देतो. कागदावर हे फार छान दिसतं, पाणी वाचते, वीज वाचते. पण गावाकडच्या फीडरवर दोन गोष्टी होतात. लाईट गेली की त्या क्षणी ती वीज जायला जागा नाही, ड्राइव्ह ट्रिप, इंजिन मोकळं सुटून ओव्हरस्पीड. म्हणून ब्रेक रेझिस्टर आणि इंजिनचं डिझेल तोडणारा हार्डवायर इमर्जन्सी स्टॉप घ्या, सॉफ्टवेअरच्या भरवशावर राहू नका. दुसरं, डीजी सेटवर (जनरेटरवर) असताना डायनो परत वीज देऊ शकत नाही, डीजीचा रिव्हर्स पॉवर रिले पडतो. तेव्हा डीजीवर फक्त चिलर, व्हेंटिलेशन आणि ॲनालायझर चालतील असं पॅनल वेगळं करा, आणि टेस्ट फक्त ग्रिडवर.

सबस्टेशनपासून एक्स्प्रेस फीडरचा अर्ज महावितरणकडे सगळ्यात आधी टाकावा, बाकी कामाच्या पण आधी, कारण लाइन टाकायची जागा, खांब, शेतकऱ्यांची संमती यात वेळ जातो. ॲनालायझर, बॅलन्स (फिल्टर तोलायचा बारीक काटा) आणि कंट्रोल कॉम्प्युटर ऑनलाइन यूपीएसवर. गरम लाइन म्हणजे एचसीचं (हायड्रोकार्बन, न जळलेलं इंधन) सॅम्पल १९० अंशावर नेणारी पाइप, तिला पण यूपीएस द्या असं मी म्हणेन, पाच मिनिटं लाईट गेली तरी ती थंड पडून आत डिझेलचे जड घटक चिकटतात आणि मग दिवसभर झीरो हलत राहते.

धूळ, रुई आणि जाळलेलं कुटार

ऑक्टोबरमधे सोयाबीनची मळणी, मग कापूस आणि जिनिंग, फेब्रुवारीनंतर उन्हाळी वावटळ, वणी-चंद्रपूरकडे असाल तर कोळशाची धूळ बारा महिने. रुईचे तंतू कंडेन्सरच्या पात्यांवर चादरीसारखे बसतात. बाहेर धुता येणारी जाळी लावा जी माणूस शिडी न लावता काढू शकेल, आणि सीझनमधे दर आठवड्याला धुवा. पात्यांना मागून पुढं पाणी मारायचं, पुढून मारलं तर घाण आत दाबली जाते.

डायल्युशन एअरला (मोजायच्या आधी एक्झॉस्टमधे मिसळायची हवा) हेपा फिल्टर लागतोच, पण त्याच्या आधी दोन टप्प्यात स्वस्त फिल्टर द्या नाहीतर हेपाचं बिल पाहून डोकं धरून बसाल. हेपा कण अडवतो, वायू अडवत नाही. आजूबाजूला शेतात पऱ्हाटी, कुटार जाळतात तेव्हा हवेत एचसी आणि कार्बन मोनॉक्साइड वाढलेलं असतं, म्हणून बॅकग्राउंड बॅग (नुसत्या डायल्युशन एअरचं सॅम्पल) प्रत्येक टेस्टला भरायची, जुन्या बॅकग्राउंडवर काम चालवायचं नाही. शेजारच्या शेतकऱ्याला भेटून सांगून ठेवा की भाऊ पेटवायच्या आधी फोन कर. तो नक्की करतो, आपण बोललो पाहिजे फक्त.

सॅम्पलमधलं पाणी

याच्यावर मी जरा जास्त बोलतो कारण पावसाळ्यातल्या बऱ्याच गूढ रिझल्टचं कारण इथंच असते. सीव्हीएसमधे (धूर पातळ करून सॅम्पल घ्यायची सिस्टिम) एक्झॉस्ट बाहेरच्या हवेत मिसळतो. जुलैत त्या हवेचा दवबिंदूच २४ अंश, त्यात एक्झॉस्टमधलं पाणी, मिसळून दवबिंदू अजून वर. आणि सॅम्पलच्या बॅगा कुठं ठेवल्या? २२ अंशाच्या थंडगार ॲनालायझर रूममधे. पाणी बॅगच्या आत सुटणारच, आणि एनओ-टू (नॉक्सचाच एक भाग) त्या पाण्यात विरघळणार. नॉक्स कमी दिसला म्हणून आनंद होतो पण तो खोटा. उपाय तीन आहेत : डायल्युशन एअर सुकवा (नियमात परवानगी आहे, फक्त टनेलच्या (धूर आणि हवा मिसळते ती नळी) तोंडाशी ती १५ अंशाच्या वर पाहिजे), बॅग कॅबिनेट गरम ठेवा, आणि ट्रान्सफर लाइन कुठंही एसीच्या थंड झोतासमोर येणार नाही अशी फिरवा. तिसरं फुकटात होतं, आजच करा.

पार्टिक्युलेटच्या फिल्टरवर हवा ४२ ते ५२ अंशाच्या मधे पाहिजे, तिथं हीटर असतोच, त्याचा सेन्सर फिल्टरच्या अगदी जवळ आहे का तेवढं पाहा.

वजन करायची खोली

पार्टिक्युलेटचे फिल्टर इथं तोलतात. छोटी खोली, पण सगळ्यात अवघड. २२ अंश, एक अंश वरखाली, आणि दवबिंदू साडेनऊ, तो पण एकच अंश वरखाली. बाहेर दवबिंदू २४ असताना आत साडेनऊ आणायचा तर साध्या ७ अंशाच्या चिल्ड वॉटरनं होत नाही, कॉइलमधून हवा ११-१२ च्या खाली सुकत नाही. डेसिकंट डिह्युमिडिफायर पाहिजे, किंवा ग्लायकोलवर थंड पाणी. डिसेंबर-जानेवारीत उलट, हवा कोरडी असते, तेव्हा ओलावा घालावा लागतो, म्हणून ह्युमिडिफायर पण त्याच युनिटमधे, आरओ-डीआय पाण्यावर चालणारा.

खोलीला बाहेरची भिंत नको, खिडकी नको, दोन दारांच्या मधे छोटी जागा पाहिजे. दार उघडल्यावर दवबिंदू परत जाग्यावर यायला किती मिनिटं लागतात ते मोजून दारावर लिहून ठेवा. बॅलन्सखाली दगडी ओटा, आणि हायवेवरून कोळशाचे ट्रक जात असतील तर त्या बाजूला खोली घेऊच नका.

डीईएफ, गॅस, डिझेल

डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के युरियाचं पाणी. २५ अंशाला १८ महिने टिकतं, ३० ला १२, आणि ३५ ला सहाच महिने. आपल्याकडे पत्र्याच्या स्टोअरमधे ड्रम ठेवला तर उन्हाळ्याभरात त्याची ताकद कमी होते आणि एससीआरचा (डीईएफ वापरून नॉक्स कमी करणारा कॅटॅलिस्ट) रिझल्ट बिघडतो, दोष मात्र इंजिनवर जातो. सोक रूमच्याच एका कोपऱ्यात ठेवा, रिफ्रॅक्टोमीटरनं तपासा.

कॅलिब्रेशन गॅस सावलीत, साखळीनं बांधून, खोलीबाहेर. एफआयडीला (एचसी मोजणारा डिटेक्टर) हायड्रोजन-हेलियम मिक्स लागतो, त्या जागी गळतीचा डिटेक्टर आणि वर झरोका. सिलिंडर आणि पेट्रोलियमच्या परवानगीचं पेसोचं मुख्य ऑफिस नागपुरातच आहे, तेव्हा शंका असेल तर नकाशा घेऊन आधीच जाऊन विचारून या. डिझेल २५०० लिटरपर्यंत आणि एका टाकीत १००० लिटरच्या वर नाही, एवढं असेल तर लायसन्स लागत नाही, त्याच्या पुढं लागतं. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती बांधकामाच्या आधी.

शेवटचा पेमेंट कधी द्यायचा

काम कधी सुरू करायचं तर ऑक्टोबरमधे, म्हणजे सिव्हिल आणि डक्ट हिवाळ्यातच होतं. पण कमिशनिंग फेब्रुवारीत करून सही घेऊन जायची सप्लायरची फार इच्छा असते, तेव्हा हवा इतकी सुंदर असते की काहीही पास होते. पर्चेस ऑर्डरमधेच लिहा की स्वीकृती दोन टप्प्यात : एक मे च्या शेवटच्या दहा दिवसात दुपारी एक ते चारमधे फुल लोडवर, दुसरी जुलैत पाऊस चालू असताना. दोन्ही वेळेस एफए, इंजिनच्या तोंडाशी तापमान आणि ओलावा पूर्ण १८०० सेकंद रेकॉर्ड करायचा, सरासरी नाही, सेकंद-सेकंद. रकमेचा दहावा भाग तोपर्यंत रोखून ठेवा.

सोबत एक जुनं, चांगलं रन-इन झालेलं इंजिन कायमचं बाजूला ठेवा, त्याचं डिझेल एकाच लॉटचं, आणि ते जानेवारी, मे आणि जुलै तिन्ही वेळेस चालवा. सीव्हीएसला दर वेळेस आधी प्रोपेन सोडून पाहायचं, टाकलेलं आणि मोजलेलं ३ टक्क्यांच्या आत जुळलं तरच पुढं जायचं. जुळलं आणि तरी जुलैचा नॉक्स जानेवारीपासून दूर गेला तर इंजिनला हात लावायच्या आधी या क्रमानं पाहा : पहिले ओलाव्याचा सेन्सर, तो इंजिनच्या तोंडाशी आहे का खोलीच्या भिंतीवर, मग बॅगमधे पाणी, मग सॅम्पल कूलरचा ड्रेन तुंबला का, आणि मग कंबशन एअर युनिटच्या कॉइलनंतरचं तापमान साडेचौदाच्या आसपास खरंच येते का ते स्वतः थर्मामीटर लावून, डिस्प्लेवर पाहून नाही.